दोन एप्रिल, सात वाजून बारा मिनिटं

६ जानेवारी, रविवार

नवऱ्याच्या, मेतोदीच्या कपाटात अर्धी कोरी वही सापडली. पहिल्या अर्ध्या भागात त्याचं अक्षर: पंखा कधी पुसला, कुठली वायर कधी बदलली. उरलेली पानं वाया कशाला घालवायची? आम्ही गाब्रोवो गावची माणसं. म्हणून लिहायला घेतलं. हे कुणी वाचायचं नाही. मीही नाही.

आजची स्थिती: कॉम्प्युटर चालू. गेल्या वर्षी २ एप्रिलला सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी मेतोदीने बटण दाबलं, त्याला आज २७९ दिवस झाले. एकदाही बंद पडलेला नाही. मी पडू दिलेला नाही.

बटण दाबून तो कॉफी ठेवायला आत गेला आणि चुलीपाशीच कोसळला. कॉफी उतू गेली. ते जाऊ दे.

संकल्प: २ एप्रिलला तो गेल्याच्या वर्षाची प्रार्थना होईपर्यंत कॉम्प्युटर असाच चालू ठेवायचा आणि इग्नातचं रेकॉर्ड मोडायचं. इग्नात म्हणजे समोरच्या दारातला. गिरणीच्या कॉम्प्युटर खोलीत तो आणि मेतोदी वीस वर्षं एकत्र होते. दोघांची एकच शर्यत, कुणाचा कॉम्प्युटर न थांबता जास्त दिवस चालतो. मेतोदीचे सगळ्यात जास्त २९८. इग्नातचे ३६१. पुढेही गेला असता, पण त्याच्या बायकोने मिरच्या भाजायचं यंत्र लावलं आणि फ्यूज उडाला. मग ती इटलीला म्हातारे सांभाळायला गेली. फ्यूजचा संबंध नाही म्हणतो.

यात भावना वगैरे काही नाही. शर्यत आहे.

९ जानेवारी

रोज सकाळी तपासते. कॉम्प्युटर स्वतःची एक वही ठेवतो, कधी सुरू झालो ते त्यात लिहितो. ती वही उघडायची कशी, ते इग्नातने मागच्या वर्षीच चिठ्ठीवर लिहून दिलं. एक ओळ टाइप करायची आणि बटण दाबायचं.

वहीत २ एप्रिल, ७:१२ अशी ओळ दोनदा आहे. मेतोदी बटणं जोरात दाबायचा, दारावरची घंटासुद्धा. म्हणून दोनदा उमटली असणार. खालच्या ओळीपुढे एक इंग्रजी शब्द आहे. शब्दकोशात पाहिला. अर्थ: कोसळणे. तेही खरंच आहे.

इग्नात म्हणाला होता, फक्त वरची ओळ बघत जा वहिनी, खालचं जुनं असतं.

१५ जानेवारी, रात्री

इग्नात मीठ मागायला आला आणि पाहून गेला. मी कॉम्प्युटर झोपवत होते. रोज नऊला झोपवते, सकाळी सहाला उठवते. आमच्या गावाची सगळा देश चेष्टा करतो, की चाकं झिजू नयेत म्हणून आम्ही रात्री घड्याळ थांबवतो. मी काही थांबवत नाही. नुसतं झोपवते. वीज वाचते.

इग्नात दारातच बसला. म्हणाला, झोप धरत नाहीत. म्हणजे माझे २८८ नव्हेत, फार तर १८०. गिरणीत झोपलेल्याला हजेरी मिळायची का, असं विचारलं. मी म्हटलं, तुम्हाला मिळायची, मी स्वतः पाहिलंय.

मग म्हटलं, मी पासष्ट वर्षांची आहे, त्यातली वीस-एक झोपेत गेली. म्हणून मी पंचेचाळीसची का? तर म्हणे, काही हरकत नाही वहिनी, तुम्ही दिसताही तेवढ्याच. मीठ दिलं नाही.

संकल्प: कॉम्प्युटर कसा चालतो ते सांगणारी मेतोदीची इंग्रजी फाइल वाचून काढायची. मी आठवीनंतर गिरणीत लागले, पण वाचनालयातली कपाटं दोनदा संपवली आहेत. एक फाइल काय अवघड आहे!

२४ जानेवारी, सकाळी दहा

जिंकले. फाइलमध्ये स्पष्ट लिहिलंय. रोज तीन पानं, हाताशी शब्दकोश.

कॉम्प्युटर दोन मोजण्या ठेवतो. एक फक्त जागेपणाची. दुसरी झोपेसकट. झोपेत त्याला स्वतःला काही कळत नाही, पण आत नाण्याएवढ्या बॅटरीवर एक छोटं घड्याळ चालूच असतं. उठल्यावर तो त्यात पाहतो, किती झोपलो ते, आणि तेवढं मोजणीत घालतो. आणि ‘मी किती वेळ चालू आहे’ असं तो जे सांगतो, ते झोपेसकट सांगतो. म्हणजे झोप धरतात.

ती मोजणी मागायची ओळ इग्नातने चिठ्ठीवर लिहिलीच नव्हती. मी टाइप केली. उत्तर आलं: २९३ दिवस, १९ तास.

कॅलेंडरवर २९७ होतात.

पुन्हा टाइप केली. तेच.

सव्वा अकरा

इग्नातकडे जाऊन आले. झोप धरतात हे फाइलमधून वाचून दाखवलं. त्याने मान्य केलं नाही, पण आवाज चढवला, म्हणजे पटलं. मग तीन दिवस आठ तास कमी का, ते विचारलं. त्याने बाही झटकली. मग म्हणाला, प्रत्येक वेळी झोपेतून उठताना तो थोडा वेळ विसरतो, जुना आहे ना.

घरी येऊन भागाकार केला. ऐंशी तास, दोनशे नव्वद रात्री. रात्रीला साडेसोळा मिनिटं. बरोबर बसतं. मेतोदीही उठल्यावर पंधरा मिनिटं कुठे आहोत ते विसरायचा. कुणाच्या संगतीत राहिलाय शेवटी!

१ फेब्रुवारी

आठवडाभर तपासलं. रोज सोळा मिनिटं विसरतो, तर फरक वाढायला हवा होता. तेवढाच आहे. तीन दिवस आठ तास.

म्हणजे आता विसरत नाही. थंडीमुळे. थंडीत माझंही डोकं जास्त चालतं.

संकल्प: इग्नातचं तोंड कायमचं बंद करायला आजपासून झोपवायचंच नाही. दोन्ही मोजण्या जिंकायच्या.

३ फेब्रुवारी

झोपवायला लागले. पंखा रात्रभर घोरतो. घोरणं ऐकायची सवय गेली आहे. शिवाय नियम माझ्या बाजूने आहे, उगाच जास्त कशाला करायचं?

१० फेब्रुवारी, रविवार

कॉम्प्युटरचं घड्याळ बारा मिनिटं मागे पडलेलं आढळलं. इंटरनेट मी जूनमध्येच बंद केलं, मला कोण लिहिणार आहे? पण इंटरनेट असलं की तो घड्याळ स्वतः जुळवून घेतो आणि नसलं की हळूहळू मागे पडतो, हे आज वाचलं. रेडिओच्या ठोक्यावर हाताने बारा मिनिटं पुढे केलं.

घड्याळ लावण्याआधी फाइलमधली तिसरी ओळ टाइप करून पाहिली होती. ‘कोणत्या क्षणी सुरू झालास?’ असं विचारणारी. उत्तर आलं, ५ एप्रिल, १५:५२. घड्याळ पुढे केल्यावर पुन्हा विचारलं. तर म्हणे, ५ एप्रिल, १६:०४.

म्हणजे सुरू होण्याचा क्षण त्याला आठवतच नाही! आत्ताचं घड्याळ बघतो, त्यातून मोजणी वजा करतो आणि जे येईल ते तोंडावर फेकतो. घड्याळ हललं की याची सुरुवातही हलते. अशा माणसाची साक्ष कोण धरील?

मग त्याची स्वतःची वही उघडली. २ एप्रिल, ७:१२. जागच्या जागी. हललेली नाही.

निष्कर्ष: लिहिलेलं ते खरं. बाकी नुसती बोलाची कढी. गेले अठरा दिवस मी उगाच काळजी करत होते.

११ फेब्रुवारी

तरी इग्नातला सहज विचारलं, पाच एप्रिलच का म्हणतो तो, आणि दुपारचे चारच का. इग्नातला ठसका लागला. मग चुलीवर राजमा ठेवल्याचं आठवलं. जाताना म्हणाला, ती ओळ हौशी लोकांसाठी असते, आम्ही गिरणीत कधी वापरली नाही. आणि वहिनी, झोप धरत नाहीत ती नाहीतच.

राजम्याचा वास काही आला नाही.

१ मार्च

वसंत आला म्हणून सगळ्यांच्या मनगटावर लाल-पांढरे दोरे. मी या वर्षी बांधत नाही. इग्नात सकाळी येऊन कॉम्प्युटरच्या वायरला एक बांधून गेला, मला विचारलंही नाही. म्हणाला, याला सुतक नाही.

मी सोडला नाही. चांगला बांधलाय, उगाच दोरा तुटायचा.

३३३ दिवस. वहीप्रमाणे.

५ मार्च

फाइलचा शेवटचा भाग. वहीत नोंद कशी होते ते. सुरू झाला की तो त्या क्षणी घड्याळात काय वाजलंय ते बघतो आणि लिहून टाकतो. घड्याळ बरोबर आहे की नाही, हे त्याला माहीत नसतं. घड्याळ मागे असेल तर मागची वेळ लिहितो, आणि नंतर कुणी घड्याळ सुधारलं तरी लिहिलेलं तसंच राहतं.

म्हणजे वही हलत नाही, ती खरी आहे म्हणून नव्हे. ती नुसती हलत नाही.

मग कुणी जर आधी

डोळे दुखायला लागले. चष्म्याचा नंबर वाढला असणार. फाइल कपाटात ठेवली.

६ मार्च

पत्रा घासायच्या ब्रशने गच्ची धुतली. पुस्तक वाचलं, नवऱ्याला विष घालणाऱ्या बाईचं. छान आहे.

९ मार्च

विचार केला. पळून काय उपयोग? मोजणी घड्याळाकडे बघत नाही. मी बारा मिनिटं पुढे केली तेव्हा वेळ हलली, मोजणी मात्र एका सेकंदानेही वाढली नाही. ती नुसती मोजते. म्हणजे तीन दिवस आठ तास खरंच कमी आहेत. मेतोदीने बटण दाबल्यानंतर कॉम्प्युटर बंद झाला होता आणि पाच तारखेला दुपारी पुन्हा सुरू झाला.

कुणीतरी बंद केला होता.

मी नव्हे. त्या दिवशी संध्याकाळी घर बायकांनी भरलं, तेव्हा मी कॉम्प्युटरपाशी पहारा देत उभी होते. मला स्पष्ट आठवतं. मात्र मेतोदीची मोठी बहीण नेदाताई पांढऱ्या चादरी घेऊन घरभर फिरत होती. मेलेल्याच्या घरात काच उघडी ठेवत नाहीत. तिने आरसे झाकले, टीव्ही झाकला, कपाटाची काच झाकली. नेदाताईला एकदा झाकायला मिळालं की ती थांबत नाही. तिचंच काम.

१२ मार्च, दुपारी

नेदाताईकडे गेले. ठरवलं होतं की आडून विचारायचं. दारातच सरळ विचारलं, की माझ्या नवऱ्याने शेवटचं जे सुरू केलं, ते तुम्ही कुणाला विचारून बंद केलंत.

ती कांदा चिरत होती. चिरतच राहिली. मी बरंच बोलले. तिच्या लग्नात हरवलेल्या चांदीच्या चमच्यांचंही बोलले, तो विषय निघायला नको होता. पण आता निघालाच होता म्हणून पूर्ण केला. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जशी डॉक्टर लोक बघतात.

शेवटी एवढंच म्हणाली:

“वर्षाच्या प्रार्थनेचा गहू दुसऱ्या कुणाकडून उकडून घे, वेलिके.”

नाकारलं नाही म्हणजे कबूल केलं. हे मी कुठल्यातरी पुस्तकात वाचलंय.

१७ मार्च

संकल्प: प्रार्थनेत मेलेल्याच्या नावाने वाटायचा गहू स्वतः उकडायचा. चाळीस वर्षं पाहिलंय, त्यात काय? उकळवायचा, निथळवायचा, कापडावर रात्रभर सुकवायचा, साखर, अक्रोड.

करून पाहिला. झाली खळ. चमचा उभा राहिला, पडलाच नाही.

१८ मार्च

काही वाया गेलेलं नाही. ‘मेतोदीशिवाय एक वर्ष’ अशा पत्रकांचे वीस कागद छापून आले, फोटोसकट. ते मी त्याच खळीने चिकटवले. आमच्या दारावर, बसथांब्यावर, विजेच्या खांबांवर. अशी चिकटली आहेत की पुढच्या वर्षीही कुणी काढू शकणार नाही. बेकरीसमोरच्या खांबावर तो जरासा तिरका बसला आहे. तसाच उभा राहायचा.

गव्हाचं नंतर बघू. दुकानात मिळत असेल.

२५ मार्च

दुकानात मिळत नाही. मिळतो तो कबुतरांसाठी.

३० मार्च, शनिवार

३६२. वहीप्रमाणे इग्नातचं रेकॉर्ड मोडलं.

त्याला बोलावून दाखवलं. वाटलं होतं भांडेल. झोपेचं काढेल, मागच्या शतकातलं काहीतरी काढेल. मेतोदीशी हा माणूस एका तासासाठी तीन आठवडे अबोला धरायचा. आज मात्र वरची ओळ पाहिली, हात मिळवला आणि म्हणाला, शाब्बास वहिनी. घरून ब्रँडी आणली, पहिला घोट मेतोदीच्या नावाने जमिनीवर सांडला. माझ्या पुसलेल्या जमिनीवर.

मी म्हटलं, मोजणी वेगळं सांगते, ते तुम्हाला माहीत आहे. तो म्हणाला, वहीत लिहिलंय ना, मग झालं.

जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं. ब्रँडी वाईट होती, म्हणून असेल.

३१ मार्च, रविवार

आज घड्याळं एक तास पुढे. हे काम दर वर्षी मेतोदी करायचा. सकाळी उठल्या उठल्या कॉम्प्युटरचं घड्याळ एक तास पुढे केलं, मग त्यावरून भिंतीवरचं, मग मनगटातलं. सगळी जुळवली. त्याच्याशिवाय अडत नाही, हे लिहून ठेवते.

१ एप्रिल

बेकरी उघडायच्या वेळी गेले तर बंद. अर्धा तास ताटकळत उभी होते. आठच्या बातम्या रेडिओने नऊला दिल्या. टपालवालाही उशिरा. आज एक एप्रिल, काहीतरी थट्टा चाललेली दिसते. नाहीतर सगळं गाव आळशी झालंय, आणि त्याचीच शक्यता जास्त.

फादरना उद्याची वेळ पुन्हा सांगून आले: कबरीपाशी, दहाला, उशीर नको. इग्नातलाही सांगितलं. नेदाताईला निरोप पाठवला नाही. गव्हाऐवजी बिस्किटं नेणार आहे.

२ एप्रिल, मंगळवार, संध्याकाळी

सकाळी दहाला पाच कमी असताना कबरस्तानात पोचले. फादर नाहीत, इग्नात नाही, कुणीच नाही. फक्त नेदाताई, गुडघ्यांवर बसून मेतोदीच्या दगडावरची माती पुसत होती. बाजूला पातेलं, वर फडकं. गहू.

मी म्हटलं, दहा वाजले, सगळे कुठे मेले? कबरस्तानात असं म्हणायला नको होतं. तिने फोन काढून दाखवला. नऊला पाच कमी. मी म्हटलं, मी काल परवा स्वतः घड्याळ एक तास पुढे केलंय. ती म्हणाली, तो कॉम्प्युटर आपला आपण करतो ना ते, मेतोदी नुसता बाजूला बसून करतोय की नाही ते बघायचा.

म्हणजे तो तारीख बघून आधीच पुढे गेला होता, आणि मी त्याला आणखी एक तास पुढे ढकललं. दोन दिवस मी गावाच्या एक तास पुढे जगत होते.

बाकावर बसलो. अख्खा तास होता. बिस्किटांचा पुडा मी पिशवीतून काढला नाही. थोड्या वेळाने म्हटलं, चमच्यांचं मी उगाच बोलले. ती म्हणाली, चमचे माझ्याकडेच आहेत.

मग तिने सांगितलं. माझ्याकडे न बघता, दगडाकडे बघत.

“प्लग तू उपटलास, वेलिके. चादर माझ्या हातात होती. मी म्हटलं, राहू दे गं, नुसता एक दिवा लुकलुकतोय. तर तू म्हणालीस, तो गेला आणि हा कशाला चालू राहतोय? आणि खेचलास. भिंतीतून सगळंच बाहेर आलं.”

भिंतीचा तो तुकडा मी मे महिन्यात स्वतः लिंपला होता. कशाने पडला, असा विचार तेव्हा केला नव्हता.

मी विचारलं, किती वाजता? ती म्हणाली, चर्चची सहाची घंटा झाली होती.

बाकीचं तिने हळूहळू सांगितलं. त्यानंतरचे दोन दिवस मी सगळ्यांना सांगत होते, की मेतोदीने सुरू केलेला कॉम्प्युटर अजून चालू आहे, कुणी हात लावू नका. तो समोर चादरीखाली बंद पडलेला. कुणाची बोलायची हिंमत झाली नाही. पाच तारखेला दुपारी मी जराशी झोपले, तेव्हा तिनेच इग्नातला दार उघडून दिलं. त्याने वायर जोडली, कॉम्प्युटरचं घड्याळ मागे नेऊन २ एप्रिल, सात अकरावर लावलं, एक मिनिट वाट पाहिली आणि मगच सुरू होऊ दिला. वहीत नोंद झाल्यावर घड्याळ पुन्हा जागेवर आणलं. वेळ त्याला खालच्या ओळीत सापडली होती. मेतोदीची खरी ओळ ती. जिच्यापुढे ‘कोसळणे’ लिहिलंय. ते कॉम्प्युटरबद्दल होतं.

मी म्हटलं, मग बारा मार्चला मी एवढी बडबडले तेव्हा का नाही सांगितलंत. ती म्हणाली, “तू तो कॉम्प्युटर राखत होतीस. मी त्यातला भाऊ राखत होते. कांदा तरी पूर्ण चिरू द्यायचा होतास.”

मी गव्हावरचं फडकं उचलून एक चमचा खाल्ला. साखर कमी आहे म्हटलं. ती म्हणाली, मग घरी करायचा होतास. मी म्हटलं, केला होता, तो खांबांवर आहे.

ती हसायला लागली. कबरीपाशी, मोठ्याने. मग मीही. फादर आले तेव्हा आम्ही दोघी डोळे पुसत होतो, ते म्हणाले, देव तुम्हाला बळ देवो.

इग्नात दुपारी पावणेचारला आला. माझं घड्याळ पावणेपाच दाखवत होतं, तसंच राहू दिलं. मोजणीला त्याचं काही नाही.

तो काही बोलायच्या आधी मी मोजणीची ओळ टाइप केली. ३६१ दिवस, २३ तास, काही मिनिटं. त्याने ते वाचलं आणि टोपी काढली. त्याला कळलं की मला कळलंय. मग पुष्कळ बोलला, तुटक तुटक, आणि टोपी फिरवत राहिला. झोप धरत नाहीत, असं वर्षभर ओरडत होता, ते मी झोपेच्या भांडणात गुंतून कॅलेंडरमधून मोजणी वजा करू नये म्हणून. झोप धरतात हे त्याला चांगलं माहीत होतं, वीस वर्षं त्यानेही धरली होती. नाक पुसलं. म्हणाला, बटणावरचं मेतोदीचं बोट तेवढं तुमच्याकडे राहावं असं वाटलं, चूक झाली.

मी म्हटलं, अहो इग्नात, मेतोदीचं बोट सकाळी सात बारा ते संध्याकाळी सहा. पावणेअकरा तास. त्यानंतरचं बोट तुमचं. म्हणजे हे ३६१ ओलांडून जे होणार आहे, ते तुमचंच रेकॉर्ड. तुमचं तुम्हीच मोडताय, माझ्या विजेवर.

हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. वर्षभर त्याला वाटत होतं, की तो हरतोय. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. दुःख तर होतंच, पण त्याच्या मागून दुसरंच काहीतरी वर येत होतं.

“मिनिटांसकट?” त्याने विचारलं.

मी म्हटलं, मिनिटांसकट.

चार वाजून चार मिनिटांनी ३६२ झाले. आम्ही दोघं बघत होतो. तो म्हणाला, वहिनी, चारशेपर्यंत ठेवू या का? एवढा आलाच आहे. मी नाही म्हटलं. त्याने मान हलवली, जास्त ओढलं नाही. कागदावर ३६२ लिहून घेतलं, खाली तारीख, आणि मला सही करायला लावली.

मग मी बंद करायला गेले. स्क्रीनवर चौकट आली: साठ सेकंदांत आपोआप बंद होईल. खाली एक बटण, आत्ताच बंद करण्यासाठी. ते मी दाबलं नाही. खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले.

इग्नात मागे उभा राहून मोठ्याने मोजत होता. सत्तेचाळीसनंतर तो थेट एकोणपन्नासवर गेला.

मी दुरुस्त केलं नाही.